पद्मिनीचा रंग : पत्र्यापासून पॉलिशपर्यंत

नवा रंग होऊन दोनच पावसाळे झालेली पद्मिनी, आणि दाराच्या खालच्या कडेला करंगळीच्या नखाएवढे फोड. मुंबई-ठाण्यात आणि सगळ्या कोकणपट्टीत हे इतकं सर्रास दिसतं की बरेच मालक ते गाडीच्या वयावर ढकलून मोकळे होतात. वयाचा त्यात फारसा वाटा नाही. काम करताना रंगाखाली पाणी कोंडलं गेलं, म्हणून फोड आले. कधी ते ओल्या पुट्टीत राहतं, कधी कॉम्प्रेसरच्या हवेतून येतं, कधी दमट दिवशी उघड्या पडलेल्या पत्र्यावर बसतं, तर कधी बुजलेल्या भोकामुळे दाराच्या पोटात साचतं. म्हणून घासण्यापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारत पुढे जायचं : इथे पाणी कुठून शिरेल आणि कुठे अडकेल?

उदाहरणासाठी प्रीमियर पद्मिनी घेतली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून सुरू झालेली आणि १९७४ पासून पद्मिनी नावाने विकली गेलेली ही गाडी आजही महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत उभी आहे. त्याआधीच्या डुक्कर फियाटला किंवा अँबॅसडरलाही पद्धत हीच लागू पडते. पद्मिनीची एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात घ्या. तिला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. दारांखालची बंद पेटीसारखी पट्टी, जिला आपण सिल म्हणतो, ती गाडीचं वजन पेलते. ती गंजलेली असेल तर आधी वेल्डिंगचं काम, रंगाचा विचार त्यानंतर.

हंगाम आणि जागा

आपल्याकडे हे काम दिवाळीनंतर काढावं आणि गुढीपाडव्याच्या आसपास संपवावं. जून ते सप्टेंबर पत्रा उघडा करूच नये. किनारपट्टीवर तर एरवीसुद्धा सकाळी घासलेला पत्रा संध्याकाळपर्यंत तांबूस झालेला दिसतो. थंडीत दवाची अडचण असते. सूर्य वर येईपर्यंत पत्रा हवेपेक्षा गार राहतो आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा बसतो. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊन बसतं त्यापेक्षा, निदान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावं, हा औद्योगिक रंगकामातला जुना नियम आहे. साध्या भाषेत सांगायचं तर फवारणीचं काम सकाळी साडेदहा-अकराला सुरू करून चारपर्यंत आटोपायचं.

जागा छपराची, वारा न भरणारी पण हवा बाहेर काढता येईल अशी हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये घासण्याचं आणि पुट्टीचं काम जमून जातं. फवारणी तिथे करू नका. शेजाऱ्यांच्या गाड्यांवर रंगाची धूळ बसते हा त्यातला लहान मुद्दा. मोठा मुद्दा श्वासाचा आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी पाहणी, मग पेपर

गाडी धुऊन, वाळवून उन्हात उभी करा. एक छोटं चुंबक मऊ कापडात गुंडाळून सगळ्या बॉडीवरून हळूहळू फिरवा. जिथे पकड ढिली होते तिथे खाली पुट्टीचा जाड थर आहे. जिथे ते चिकटतच नाही तिथे पत्रा उरला असेलच असं नाही, कारण गंजून पडलेल्या भोकावर फायबर आणि पुट्टी चोपडून वर रंग मारण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे.

पद्मिनीत हमखास गंज सापडणाऱ्या जागा अशा : पुढच्या मडगार्डचा चाकामागचा खालचा भाग, सिल, चारही दारांच्या खालच्या कडा, पुढच्या आणि मागच्या काचेच्या रबराखालचा पत्रा, बॅटरीचा ट्रे, डिकीचा तळ आणि स्टेपनीची जागा. पायाखालची मॅटिंग उचलून फ्लोअर बघा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐका. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला थप्प वाजतो. सापडलेली प्रत्येक जागा खडूने घेरून तिचा फोटो काढून ठेवा, कारण प्रायमर बसला की सगळं सारखंच दिसतं आणि एखादी जागा हमखास राहून जाते.

त्यानंतर गाडी उघडायची. बंपर, ग्रिल, दिवे, वायपर, बाजूच्या क्रोम पट्ट्या, मोनोग्राम, दारांची हँडल, रबरं, सगळं सुटं करा. प्रत्येक वस्तूचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून वर नाव लिहा. जुन्या पट्ट्यांच्या क्लिपा तुटतातच, त्या आधीच मिळवून ठेवा. मुंबईत ऑपेरा हाऊसजवळचा स्पेअरचा बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, इथे पद्मिनीचा माल अजून शोधता येतो. काचा शक्यतो काढाव्यातच. रबरावर टेप लावून रंगवलं तर रंगाची कड रबराखाली जात नाही आणि पाणी पहिल्यांदा शिरतं ते तिथूनच. काच काढणं अगदीच शक्य नसेल तर रबराच्या ओठाखाली जाड दोरी सरकवून ओठ उचलून धरा, म्हणजे रंग निदान काही मिलिमीटर आतपर्यंत पोचेल.

बॅटरी काढा. वेल्डिंग होणार असेल तर पेट्रोलची टाकी काढून गाडीपासून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ साठलेली असते.

जुना रंग ओळखणं

पद्मिनीवर आज कोणता रंग आहे हे कागदावर कुठेच मिळणार नाही. तीस-चाळीस वर्षांत ती दोन-तीनदा तरी रंगलेली असते. डिकीच्या आत किंवा दाराच्या कडेला पांढरं कापड एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये बुडवून चोळून बघा. रंग भराभर कापडावर उतरला तर तो एनसी, ज्याला गॅरेजमध्ये अजूनही ड्यूको म्हणतात. रंग सुरकुतला, फुगला किंवा मऊ पडला तर तो सिंथेटिक इनॅमल. काहीच झालं नाही, फार तर चमक थोडी उतरली, तर तो हार्डनर घातलेला दोन भागांचा रंग, टूके (2K), म्हणजेच पीयू (पॉलियुरेथेन).

ही चाचणी वगळू नका. एनसी किंवा इनॅमलच्या थरावर नवा टूके थेट मारला की त्यातला थिनर खालच्या थरात उतरतो आणि ताजा रंग डोळ्यांदेखत सुरकुततो. खाली तीनहून जास्त थर असतील, भेगा असतील किंवा थर एनसीचे असतील, तर माझा सरळ सल्ला पत्र्यापर्यंत जाण्याचा आहे. एकच घट्ट बसलेला टूकेचा थर असेल तर तो ठेवावा, घासून त्यावर काम करावं. चांगलं बसलेलं काहीही उगाच उखडू नये.

घासणं

जुन्या रंगात आणि जुन्या प्रायमरमध्ये शिसं असू शकतं हे धरूनच चाला. घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. पद्मिनी त्याच्या कितीतरी आधीची. त्यामुळे घासताना चांगला धुळीचा मास्क, काम संपल्यावर अंगावरचे कपडे वेगळे धुणं, आणि झाडूऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसणं. लहान मुलांना त्या जागेत येऊ देऊ नका.

रंग काढायला ८० नंबरचा पेपर (नंबर जितका कमी, तितका पेपर खरखरीत) आणि डीए सँडर, म्हणजे गोल फिरत थरथरणारं घासायचं यंत्र, हे सर्वांत भरवशाचं साधन. अँगल ग्राइंडरला जाड चकती लावून रंग काढणारे मिस्त्री वेगाने काम करतात, पण चकती एका जागी दोन सेकंद जास्त थांबली तरी पत्रा तापून लाट धरतो, आणि बॉनेटसारख्या मोठ्या सपाट भागावरची ती लाट पुढे पुट्टीनेच झाकावी लागते. सँड ब्लास्टिंगबद्दलही तेच. सस्पेन्शनच्या जाड भागांना ते उत्तम, बाहेरच्या पत्र्याला नको. रंग काढायचं केमिकल वेगवान आहे, पण ते सांध्यांत शिरून बसतं आणि महिन्याभराने नव्या रंगाखालून बाहेर येतं. वापरायचंच असेल तर ते सुट्या केलेल्या बॉनेट-डिकीवर वापरा, सांध्यांपासून बोटभर लांब राहून, जाड हातमोजे घालून.

सगळी गाडी एकदम उघडी करू नका. एका दिवशी एक पॅनल घ्यायचं : सकाळी घासून पत्रा उघडा, दुपारी गंजाचं काम, संध्याकाळच्या आत इपॉक्सी प्रायमर. रात्रभर उघडा पत्रा ठेवायचा नाही, ही शिस्त समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर पाळायलाच हवी.

एखादं दार घ्या. ८० नंबरने मधोमध घासत गेलात की आधी वरचा पांढरा, त्याखाली कधीतरी मारलेला क्रीम, मग करडा सरफेसर (रंगाखालचा, पृष्ठभाग सपाट करणारा थर), मग तांबडा ऑक्साइड आणि शेवटी पत्रा अशी एकात एक वर्तुळं उमटतात. भंगारातून आणलेलं दार असेल तर त्यात टॅक्सीचा काळा रंगही निघतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेल्या, त्यांचे सुटे भाग बाजारात आहेत. या वर्तुळांची रुंदी बघा. प्रत्येक थराची पट्टी निदान बोटभर रुंद दिसायला हवी. पट्ट्या अरुंद असतील तर तिथे पायरी आहे, आणि रंग चमकला की ती पायरी उन्हात स्पष्ट दिसणार. ८० चे ओरखडे १२० ने, मग १८० आणि २४० ने काढत जा. मधला नंबर गाळला तर ओरखडे प्रायमरखाली राहतात आणि रंग आकसला की महिन्या-दोन महिन्यांनी वर येतात.

नुसत्या बोटांनी कधी घासू नका. बोटांचा दाब सारखा नसतो, त्याने खाचा पडतात. सपाट भागाला लांब कडक ब्लॉक, छताच्या आणि बॉनेटच्या गोलाईला लवचीक ब्लॉक. हात तिरका चालवायचा, आधी एका कोनात, मग उलट्या कोनात. पद्मिनीच्या अंगावरच्या घडीच्या रेषा हे तिचं रूप आहे, आणि घाईत घासलेल्या गाडीत त्याच पहिल्या बोथट होतात. त्यासाठी रेषेच्या एका बाजूला मास्किंग टेप लावा आणि दुसरी बाजू टेपपर्यंत घासा. मग टेप पलीकडे लावून उरलेली बाजू घासा. टेप काढल्यावर रेषेवर धार राहते.

गंज

वरवरचा तांबूस गंज ८० नंबरने जातो. खड्डे पडलेला गंज वायर ब्रशने कोरून, खड्ड्याच्या तळाशी चकाकी दिसेपर्यंत साफ करावा. उरलेल्या काळ्या ठिपक्यांवर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावतात. ते डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकंच ठेवा आणि सांगितलं असेल तसं धुऊन काढा. नंतर पत्रा हॉट एअर गनने किंवा उन्हात पूर्ण वाळवा. आम्लाचा अंश राहिला तर इपॉक्सी त्यावर धड धरत नाही.

आरपार भोकाला एकच इलाज, कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणं. पुट्टी, फायबर, एम-सील यांपैकी काहीही तिथे टिकत नाही, कारण भोकाच्या मागच्या बाजूने पाणी येतच राहतं. सिलच्या बाबतीत वेल्डिंगआधी गाडीला नीट आधार द्या आणि दारं बसवून फटी तपासा, नाहीतर नव्या सिलबरोबर वाकलेली बॉडी पक्की होऊन जाते.

इपॉक्सी आणि पुट्टी

उघड्या पत्र्यावर पहिला थर इपॉक्सी प्रायमरचा. बाजारातले साधे करडे प्रायमर सच्छिद्र असतात, ओल आत घेतात. इपॉक्सी पाणी अडवतो. काम महिनोन्‌महिने चालणार असेल तर त्याच्याच भरवशावर गाडी उभी राहते. मिश्रणाचं प्रमाण कंपनीगणिक वेगळं असतं, कुठे १:१, कुठे ४:१. डब्यावरचं वाचा आणि मापाचा ग्लास वापरा. वरचा थर किती तासांत न घासता देता येतो हेही तिथेच लिहिलेलं असतं. ती मुदत टळली तर घासून मगच पुढे जायचं.

पोचे आधी ठोकून काढा, हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा), जितके सरळ होतील तितके. पुट्टी, म्हणजे लांबी, शेवटचे दोन-तीन मिलिमीटर भरण्यासाठी आहे. त्याहून जाड थर उन्हा-पावसात पत्र्याबरोबर हलत नाही आणि कडेने सुटतो.

दोन भागांची पॉलिएस्टर पुट्टी घ्या. वजनाने १०० ग्रॅमला सुमारे २ ग्रॅम हार्डनर. मिस्त्री अंदाजाने घालतात आणि लवकर सुकावी म्हणून हात सढळ ठेवतात. जास्तीचा हार्डनर मग वरच्या रंगात डाग होऊन उतरतो, आणि पांढऱ्या-क्रीम पद्मिनीवर तो पिवळट डाग लपत नाही. मिसळायला पुठ्ठा घेऊ नका, तो पुट्टीतलं रेझिन शोषतो. काचेचा किंवा पत्र्याचा तुकडा घ्या. फेटू नका, दाबून पसरवत मिसळा, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत. उन्हाळ्यात मिश्रण चार-पाच मिनिटांत घट्ट होऊ लागतं, म्हणून एका वेळी एका पॅनलपुरतंच करा.

आणि आता या सगळ्या लेखातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पॉलिएस्टर पुट्टी पाण्याने घासायची नाही. आपल्या गॅरेजमध्ये बादली आणि वॉटर पेपर घेऊन पुट्टी घासणं इतकं रुळलेलं आहे की कोरडं घासा म्हटलं तर मिस्त्री नाराज होतात. पाण्याने धूळ उडत नाही, पेपर जास्त चालतो, हे खरं आहे. पण पुट्टीत टाल्कची पूड असते आणि ती खडूसारखी पाणी पिते. वरून हाताला कोरडी लागली तरी आत ओल राहते. त्यावर प्रायमर आणि रंग बसला की ते पाणी कोंडलं गेलं. उन्हात त्याची वाफ होते, वाफ रंग उचलते, आणि तेच पाणी खाली पत्र्यापर्यंत जाऊन गंज धरतं. सुरुवातीला सांगितलेल्या फोडांपैकी फार मोठा वाटा याच बादलीचा असतो. गाडी बाहेर रंगवायला देणार असाल तर भाव ठरवण्याआधी पुट्टी कोरडी घासण्याचं कबूल करून घ्या, आणि पुट्टीच्या दिवशी स्वतः तिथे जाऊन उभे राहा. दुकानात महागडा रंग निवडण्यात दिवस घालवण्यापेक्षा हा एक दिवस गाडीला जास्त आयुष्य देतो.

कोरडं घासताना ८० ने आकार आणा, मग १२०, मग १८०. हात फिरवून तपासताना तळव्याखाली पातळ सुती कापड धरा. कापड सरकतं, त्यामुळे उंच-सखल भाग नुसत्या हातापेक्षा लवकर कळतो. डोळे मिटून बघा, फरक पडतो.

सरफेसर आणि गाइड कोट

पुट्टीवर टूके सरफेसरचे दोन-तीन थर, १.६ ते १.८ मिलिमीटरच्या नोझलने. पूर्ण वाळू द्या. मग मॅट काळ्या रंगाच्या स्प्रेने लांबून हलका शिडकावा करा, पॅनल ठिपक्याठिपक्यांचं दिसेल एवढाच. हा गाइड कोट. आता लांब ब्लॉकवर ३२० नंबर चढवून तिरके हात फिरवा. काळा सगळीकडून सारखा गेला तर पॅनल सपाट. कुठे काळी बेटं उरली तर तिथे खोलगट आहे, थोडं भरावं लागेल. आणि काळ्याबरोबर सरफेसरही जाऊन पत्रा चमकला तर तिथे उंचवटा आहे. तिथे आणखी घासू नका, हलकं ठोकून खाली बसवा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि बरेच जण एकदाच करून सोडतात. दोनदा करा. दारांवर आणि मागच्या मडगार्डवर तिसऱ्यांदाही करावी लागली तर करा.

शेवटी ४०० आणि मग ६०० किंवा ८०० नंबर. इथे वॉटर पेपर चालतो, कारण सरफेसरचा सलग थर पाणी पीत नाही. पण कुठे खालची पुट्टी उघडी पडली असेल तर तिथे आधी पुन्हा प्रायमर. पत्रा उघडा पडलेल्या जागांना इपॉक्सीचा हात. कडांना ब्लॉक लावू नका, तिथला थर सर्वांत पातळ असतो. पाण्याने घासलेली गाडी पुसून, सांध्यांत हवा मारून, एक दिवस उन्हात वाळवा.

कोणता रंग

एनसीची जुनी मऊ झळाळी मला मनापासून आवडते, आणि शर्यतीत किंवा प्रदर्शनात उतरणाऱ्या, कव्हरखाली राहणाऱ्या गाडीला ती शोभते. पण तिला वारंवार पॉलिश लागतं, पेट्रोलचा थेंब सहन होत नाही, आणि दमट हवेत मारली तर ती पांढुरकी पडते. रोज किंवा रविवारी चालणाऱ्या पद्मिनीला टूके पीयू द्यावा, सॉलिड (चकमक नसलेल्या) रंगात, वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, न मारता. कंपनीच्या रंगावर क्लिअर नव्हता. सॉलिड रंगावर क्लिअर चढवला की गाडी नव्या हॅचबॅकसारखी काचेरी चमकते, आणि पद्मिनीच्या अंगाला ते परकं वाटतं. शिवाय क्लिअर नसला तर पुढे ओरखडा पॉलिशने काढणं सोपं जातं.

मूळ रंग शोधायला डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या पॅनलच्या आत, डिकीच्या रबराखाली बघा. उन्हाने न उडालेला तुकडा दुकानात नेऊन जुळवून घ्या. बाहेरची बॉडी आणि दारांच्या कडा धरून साधारण दोन ते अडीच लिटर रंग लागतो, हार्डनर-थिनर मिसळण्याआधीचा. सगळा एकाच वेळी बनवून घ्या आणि सगळे डबे एका मोठ्या भांड्यात एकत्र करा, नाहीतर दोन डब्यांतला बारीक फरक दार आणि मडगार्डच्या फटीवर दिसतो.

रंग बदलणार असाल तर आरसीवर तशी नोंद आरटीओतून करून घ्यावी लागते. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. तिच्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. अशा गाडीच्या बॉडीत मोठे फेरफार करण्याआधी हे नियम नीट वाचा. रंगही मूळचाच ठेवलेला बरा.

श्वास

टूकेच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, रंगातही आणि सरफेसरमध्येही. त्यांचा वास वेळेवर कळत नाही, म्हणून वास येत नाही म्हणजे धोका नाही असं धरता येत नाही. एकदा शरीराला त्यांची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो, आणि ती आयुष्यभराची असते. कापडी रुमाल आणि कागदी मास्क इथे काहीही करत नाहीत. बाहेरची स्वच्छ हवा नळीने देणारा मास्क सर्वांत योग्य. तो नसेल तर घट्ट बसणारा, सेंद्रिय वाफेचे आणि बारीक कणांचे दोन्ही फिल्टर असलेला नवा कार्ट्रिज मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण अंग झाकणारा सूट, आणि हवा बाहेर खेचणारा पंखा. घरी याची सोय होत नसेल तर घासणं, गंज आणि पुट्टी तुम्ही करा, आणि सरफेसर-रंगाची फवारणी भाड्याच्या बूथमध्ये करून घ्या. यात कमीपणा काही नाही. श्रमाचा मोठा भाग तरीही तुमचाच राहतो. रंगवणाऱ्या माणसाच्या नाकावर मास्क आहे ना हेही बघा. नसेल तर तुम्ही आणून द्या.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. देवाजवळची समई, गिझर, ठिणगी उडणारा स्विच, सगळं लांब.

फवारणी

कॉम्प्रेसरची टाकी आधी खालच्या कॉकमधून रिकामी करा. किती पाणी निघतं ते बघाच. गन आणि कॉम्प्रेसर यांच्यात पाणी गाळणारा सेपरेटर हवा, आणि तो कॉम्प्रेसरला चिकटून नको. आठ-दहा मीटर पाइपनंतर लावा, म्हणजे हवा गार होऊन पाणी सुटतं आणि मग ते पकडलं जातं. गरम हवेतलं पाणी वाफेच्या रूपात सरळ गाळणीतून निघून जातं आणि रंगात उतरतं.

एचव्हीएलपी गनला, म्हणजे जास्त हवा पण कमी दाबावर फवारणाऱ्या गनला, १.३ किंवा १.४ मिलिमीटरचं नोझल, आणि हवा गनमध्ये शिरते तिथे दोन बारच्या आसपास दाब. नेमका आकडा गनच्या कागदावर असतो. मास्किंगला वर्तमानपत्र वापरू नका, थिनर त्यातून झिरपतो आणि शाई उतरते. मास्किंगचा ब्राउन पेपर आणि चांगली टेप घ्या. जमीन हलकी ओलसर करा, धूळ बसण्यापुरती, पाणी साचेल इतकी नाही. ग्रीस रिमूव्हरने पुसताना एका हाताने ओलं कापड आणि लगेच मागून दुसऱ्या हाताने कोरडं. नंतर टॅक रॅग, म्हणजे धूळ टिपणारं चिकट कापड, हलक्या हाताने.

आधी दारांच्या आतल्या कडा आणि बॉनेट-डिकीच्या कडा. मग छत, त्यानंतर बॉनेट, आणि एका बाजूने सुरू करून गाडीला फेरी घालत डिकीपर्यंत. गन पत्र्यापासून १५ ते २० सेंटिमीटर, पत्र्याला काटकोनात. हात कमानीत फिरवायचा नाही, सरळ न्यायचा. पट्टा सुरू होण्याआधी ट्रिगर दाबा आणि संपल्यावर सोडा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर चढवा. आधी एखाद्या जुन्या दारावर हात बसवून घ्या.

पहिला थर हलका, खालचा सरफेसर थोडा दिसला तरी चालेल. दहा-पंधरा मिनिटांनी, टेपवरच्या रंगाला बोट लावल्यावर तार न सुटता फक्त ठसा उमटला की दुसरा, ओला आणि सलग. तसाच तिसरा. इथे सगळ्यांत अवघड काम म्हणजे थांबणं. एखादी जागा फिकी दिसली म्हणून तिथल्या तिथे गन परत नेली की ओघळ आलाच. पुढच्या थरात तिला बघून घ्या.

ओघळ आला तर त्याला हात लावू नका. दोन-तीन दिवसांनी कडक झाला की कडेला टेप लावून छोट्या कडक ब्लॉकवर १००० नंबरने फक्त ओघळ खाली आणा. बारीक गोल खळगे पडले, ज्यांना फिश आय म्हणतात, तर पत्र्यावर सिलिकॉन होतं. टायर पॉलिश आणि डॅशबोर्डचा स्प्रे हे त्याचे नेहमीचे स्रोत, ते कामाच्या जागेत आणूच नयेत. किडा बसला तर बसू द्या, पॉलिशला निघतो.

पॉलिश आणि पावसाळ्याची तयारी

मास्किंग टेप रंग अर्धवट वाळलेला असताना, मागे वळवून, हळू काढा. गाडी निदान दोन-तीन दिवस तशीच ठेवा. मग १५०० नंबरचा वॉटर पेपर मऊ ब्लॉकवर, पाण्यात साबणाचे दोन थेंब, पुढे २००० आणि ३०००. प्रत्येक कडेवर आणि घडीच्या रेषेवर आधी टेप लावा, कारण तिथे दोन हातांत खालचा करडा उघडा पडतो. मग रबिंग कंपाउंड आणि बफिंग, मशीन सतत हलतं ठेवून. वॅक्स मात्र निदान महिनाभर नको. रंगातला थिनर अजून बाहेर पडत असतो. तोवर नुसत्या पाण्याने धुवा आणि उन्हात कव्हर घालू नका.

सुटे भाग बसवण्याआधी एक काम उरतं. दारांच्या आणि सिलच्या तळाशी पाणी वाहून जायला कंपनीने भोकं ठेवलेली असतात. पुट्टी, प्रायमर, अंडरकोट यांनी ती बुजतात. प्रत्येक भोकात तार घालून मोकळं करा, दारात तांब्याभर पाणी ओतून ते खालून येतं का बघा. मग वाळवून आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांत गंज रोखणारं मेण) फवारा. हे रंगाच्या आधी केलंत तर वॅक्स सांध्यातून झिरपून रंग बिघडवेल, म्हणून रंगानंतरच. क्रोम पट्ट्यांच्या क्लिपांच्या भोकांच्या कडांना ब्रशने रंग लावा, क्लिपेखाली थोडं सीलंट द्या. काचांना नवीन रबर घाला, जुनं कितीही चांगलं दिसलं तरी.

जूनचा पहिला मोठा पाऊस पडून गेला की मॅटिंग उचला, स्टेपनी काढा, हात घालून बघा. ओल लागली तर ती कुठून आली हे त्याच दिवशी शोधा. उरलेला रंग हार्डनर न मिसळता छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, झाकणावर शेड आणि तारीख लिहून ठेवा. मडगार्डच्या कडेला पहिला खडा लागेल तेव्हा दुकानात जाऊन पुन्हा रंग जुळवत बसावं लागणार नाही.